जांभळ्या बेडकाची साक्ष

वैजूआक्का बुगड इंजिनिअर झाली नाही, कारण १९९९ सालच्या मे महिन्यात तिचा बेडूक पाण्यात पडला.

हे वाक्य ती इतक्या सरळ चेहऱ्यानं आणि इतकी वर्षं सांगत आली होती, की इचलकरंजीत आता कुणी ‘म्हणजे काय?’ असंही विचारत नसे. कुणाचा धंदा बुडतो, कुणाची पतपेढी बुडते. आक्काचा बेडूक बुडाला होता. लोक मान हलवायचे आणि पुढचं बोलायचे.

झालं होतं ते असं. वैजयंता आणि विद्याधर ही बुगडांची जुळी. वैजयंता काही मिनिटांनी मोठी, म्हणून विद्याधर तिला आक्का म्हणायचा आणि तेवढ्या मिनिटांचा मोठेपणा ती त्याच्याकडून रोज वसूल करायची. दोघं एकाच वर्षी बारावी झाली. खाली कापडाच्या बारा मागांचा कारखाना आणि वर घर असलेल्या त्यांच्या अप्पांनी जाहीर केलं, की पुण्याला इंजिनिअरिंगला एकच जण जाईल. दुसऱ्यानं इथं राहायचं. माग बघायचे, आईला बघायचं. गल्ली म्हणाली, पोराला पाठवा. अप्पा म्हणाले, “माणसाला विचारलं की माणूस आपल्या माणसाकडं झुकतंय. मशीनला भाऊबंद नसतात.”

अप्पांचा यंत्रांवर असा विश्वास होता, जसा इतरांचा देवावर असतो, फक्त अप्पा यंत्रांना वेळेवर तेलही घालायचे. घरात एक यंत्र होतं त्यातल्या त्यात निःपक्षपाती: मुंबईहून आणलेला व्हिडिओ गेमचा करडा डबा. त्यात कॅसेट खुपसायची, चालली नाही तर काढून फुंकायची, परत खुपसायची. एका कॅसेटवर ना नाव, ना चित्र. टीव्हीवर दोन हिरवे बेडूक यायचे, कमळाच्या पानांवर उड्या मारायचे आणि एकमेकांना पाण्यात ढकलायचे. मुलांनी खेळाचं नाव ठेवलं ‘बेडूकभांडण’.

तर अप्पांनी घराण्याचं भवितव्य बेडूकभांडणावर सोपवलं. जो आधी दहा वेळा ढकलेल तो पुण्याला. अप्पा पंच म्हणून दोघांच्या मध्ये पाटावर बसले. वैजयंता नवावर होती, विद्याधर सहावर, आणि लाईट गेली. लाईट आली तेव्हा टीव्हीवर शून्य-शून्य. अप्पा म्हणाले, “पहिल्यापासनं.” दुसऱ्या खेपेला विद्याधर जिंकला. तो पुण्याला गेला, पुण्याहून आणखी पुढं गेला आणि शेवटी कॅनडात कॅलगरीला जाऊन थांबला, कारण त्याच्या पलीकडं फक्त बर्फ होता. वैजयंता कारखान्यात उतरली.

त्या दिवशी आई तिच्यापेक्षा जास्त रडली होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली होती, “मला खात्री होती गं तुझी.” अप्पा नंतर गेले. आई आणि आक्का राहिल्या. आपण हरलो ते सरळ हरलो, आणि घरात निदान एक माणूस आपल्या बाजूनं होतं, या दोन गोष्टींवर वैजूआक्कानं एकेचाळीस वर्षं काढली. माणसं याहून कमी सामानावर काढतात.

---

२०४० साल उजाडेपर्यंत जगातले जुने गेमचे डबे संपत आले होते. आतली कपॅसिटर नावाची बारकी नळकांडी गळायची, प्लास्टिक पिवळं पडून बिस्किटासारखं तुटायचं, आणि तसल्या चिपा बनवणारे कारखाने कधीच बंद झाले होते. आधी लोक म्हणायचे, खेळाची नक्कल काढून नव्या संगणकावर ठेवली की झालं. पण नकलेत फक्त खेळाच्या आज्ञा येतात. जुन्या यंत्राचं अडखळणं, गर्दी झाली की मंद होणं, लुकलुकणं, म्हणजे त्याचे सगळे दुर्गुण गळून जातात. आणि खेळणाऱ्यांची बोटं त्या दुर्गुणांशीच संसार करायला शिकलेली असतात.

म्हणून कोल्हापुरात खेळयंत्र जतन केंद्र निघालं. तिथं चिप वाचायची नवी रीत सापडली होती. तिचं नाव झीजवाचन.

चिपमध्ये हजारो सूक्ष्म दरवाजे असतात. प्रत्येक बटण दाबलं की त्यांतले काही उघडतात, काही मिटतात. प्रत्येक उघडमिटीला दोन-चार इलेक्ट्रॉन वाट चुकून बाजूच्या काचेच्या थरात शिरतात आणि तिथंच अडकून बसतात. दरवाजा तेवढा झिजतो. कुठल्या आधी कुठला अडकला हे त्यांच्या खोलीवरून कळतं. केंद्रातलं यंत्र चिपचा एकेक थर खरवडत ते अडकलेले इलेक्ट्रॉन मोजतं आणि मागं मागं जात हिशेब लावतं. कापड उसवताना शेवटचा धागा आधी निघतो आणि पहिला शेवटी, तसं. वरचे थर खरवडले तरी बराच मजकूर हाती लागतो. पूर्ण वाचायचं तर चिप संपते. पण हातात नुसता खेळ येत नाही. त्या डब्यावर आजवर कोण काय खेळलं, कुठलं बटण कधी दाबलं, सगळं येतं.

केंद्राचं घोषवाक्य होतं ‘प्रत्येक खेळ अमर’. घोषवाक्य ठरवणाऱ्यानं पुढचा विचार केला नव्हता.

डबा देणाऱ्या कुटुंबाला केंद्र आभार म्हणून सगळ्या खेळांचं चित्रण भेट द्यायचं. सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी जन्मभर मुलांचे गेम जप्त केले होते. चित्रणावरून उघड झालं, की जप्त केलेल्या डब्यावर ते कपाट उघडून रोज दुपारी खेळायचे. शिवाय फार वाईट खेळायचे. गडहिंग्लजच्या दोन मित्रांची भागीदारी मोडली, कारण एक जण लहानपणी दुसऱ्याला मुद्दाम जिंकू देत होता. ज्याला जिंकू दिलं, त्यानंच मोडली. आता कोल्हापुरात झीजग्रस्त कुटुंबांचा एक मंच आहे. दर महिन्याला बैठक असते. चहा चांगला असतो.

वैजूआक्कानं हे सगळं पेपरात वाचलं होतं आणि पोट धरून हसली होती. मग पोटमाळ्यावरून करडा डबा काढला, पुसला आणि देऊन आली. आपल्या घरात लपवण्यासारखं काय आहे?

---

“आक्का, तुमचे बेडूक जगात दुसरीकडं कुठंच नाहीत,” तन्वीर मुजावर म्हणाला. तो केंद्रातला शास्त्रज्ञ. तिशीचा, डॉक्टरेट घेतलेला, आणि विनोद झाला तर समोरच्याला कळवून मग हसणारा. “कॅसेट कुणी बनवली ते कळत नाही. दुसरी प्रत नाही. आम्ही सध्या फक्त वरचे थर वाचलेत. पूर्ण वाचायला तुमची सही लागेल, कारण मग डबा उरणार नाही. पण त्याआधी एक विचारायचं होतं. हा तिसरा कोण?”

पडद्यावर दोन हिरव्या बेडकांच्या मागं, कोपऱ्यातल्या पानावर, एक जांभळा बेडूक जागच्या जागी उड्या मारत होता.

“मामा,” आक्का म्हणाली.

“मामा?”

“न सांगता यायचा. बसायचा. कुणाच्या उपयोगाला नाही. मग काय म्हणणार?”

तन्वीरनं ते टिपून घेतलं. “मामा कॅसेटमध्ये नाही, आक्का. तो तुमच्या कारखान्यातून येतो.”

त्यानं समजावलं ते असं. कॅसेटची एक पिन सैल होती. खाली मागांचा आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं आपटला की घर हादरायचं, पिन क्षणभर सुटायची आणि चिपला हवा तो मजकूर मिळण्याऐवजी शेजारच्या खान्यातला मिळायचा. त्या चुकीच्या मजकुराचं चित्र म्हणजे जांभळा बेडूक. मागाचा एक ठोका, मामाची एक उडी.

“म्हणजे तुमचा खेळ जतन करायचा तर तुमचे मागही जतन करायला हवेत. आम्ही उड्यांवरून उलटं गणित केलं. बारा माग मिळाले. आठव्याचा पट्टा सैल होता.”

“होता की!” आक्का सावरून बसली. विज्ञानाबद्दल तिला पहिल्यांदाच आदर वाटला.

“आता बघा, ही त्या काळातली लाईट जाण्याची एक नोंद.” पडद्यावर चित्र थरथरलं, फिकं झालं, विझलं. “दाब आधी ढासळतो, मग जातो. आणि ही परत आल्यावरची.” बेडूक आले. मामाचा पत्ता नव्हता. मग एक बारीकशी उडी. मग दोन. “लाईट आल्यावर माग आपोआप सुरू होत नाहीत ना?”

“कसे होतील? कामगारानं एकेकाचा दांडा ओढायला लागतो.”

“बरोबर. म्हणून मामा हळूहळू जागा होतो. अशा नोंदी भरपूर आहेत. आता तुमचा सामना.”

आक्का पुढं सरकली. नऊ-सहा. तिचा बेडूक पानावरून उडाला आणि पडदा एकदम काळा झाला. थरथर नाही, फिकं पडणं नाही. मग पडदा उजळला, शून्य-शून्य, आणि कोपऱ्यातल्या पानावर मामा पहिल्या क्षणापासून बाराही मागांच्या जोरानं नाचत होता.



“घरातली लाईन कुठून होती?” तन्वीरनं विचारलं.

“खालच्याच मीटरवरनं. अप्पांनी ओढलेली.”

“मग लाईट गेली नव्हती, आक्का. खाली माग चालूच होते. वर कुणीतरी घराचा मेन स्विच खाली ओढला आणि थोड्या वेळानं वर केला.”

“पण आम्ही मागांच्या डोक्यावर बसलेलो,” आक्का म्हणाली. “आम्हाला ऐकू आलं नसतं?”

हे बोलतानाच तिला उत्तर कळलं. इचलकरंजीत चालू माग कुणालाच ऐकू येत नाहीत. बंद पडले की मात्र तान्ही पोरंसुद्धा दचकून उठतात. त्या दुपारी टीव्ही काळा पडला, पंखा थांबला आणि सगळे एका सुरात ‘लाईट गेली’ म्हणून ओरडले. न झालेल्या शांततेकडं लक्ष द्यायला कुणाला सवड होती?

“विद्यानं केलं असणार,” ती म्हणाली. ते म्हणताना तिला जरा बरंच वाटलं.

“नाही. त्या क्षणी दोन्ही रिमोटची बटणं दाबलेली आहेत. तुमचं उडीचं, त्यांचं डावीकडचं. दोघांचे हात गुंतलेले होते.”

“अप्पा आमच्या मध्ये बसलेले. पाटावर.”

“स्विच कुठं होता?”

“स्वयंपाकघरात. दाराच्या मागं.”

तन्वीर संशोधकाच्या उत्साहानं म्हणाला, “मग घरात चौथं कोण होतं?”

आक्कानं कप उचलला, आत बघितलं आणि खाली ठेवला. “चहा गार झालाय तुमचा,” ती म्हणाली. “मी निघते.”

---

गिरिजाबाई बुगड, वय वर्षं एक्याऐंशी, स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसल्या होत्या. टरफलं एका ताटात, दाणे दुसऱ्यात आणि अधूनमधून दाणा तोंडात.

“आई, त्या दिवशी मेन स्विच तू ओढलास?”

“कुठल्या दिवशी?”

“बेडकांच्या.”

आईनं एक शेंग फोडली. ती पोचट निघाली. “ओढला असंल.”

“असंल?”

“ओढला. तू नवावर होतीस.”

“तुला खेळ कळत होता?”

“खेळ कशाला कळाय पाहिजे? आकडे दिसत होते की. नवाच्या पुढं दहा.”

आक्का खाली बसली. बसायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. “का पण?”

“तू गेली असतीस.”

“तेच ठरलं होतं!”

“तुमचं ठरलं होतं. तुझं, त्याचं, तुझ्या अप्पांचं आणि त्या बेडकांचं. मला कुणी विचारलं? तू पुण्याला, आणि मी इथं विद्याबरोबर? त्याच्याशी काय बोलायचं गं माणसानं? भूक लागली एवढंच कळतंय त्याला.”

“मी हरले म्हणून तू रडलीस.”

“ते खरं होतं. वाईट वाटलंच की मला.”

“खात्री होती म्हणालीस माझी.”

“होतीच!” आईला आता रागच आला. “दहा करणार याची खात्री होती. म्हणून तर ओढला. नसती तर बसले असते चहा गाळत.”

आईनं पुढची शेंग फोडली. वैजूआक्काच्या डोक्यात मात्र झीजवाचन सुरू झालं होतं. थरामागून थर. वरचा निघाला की खालचा दिसत होता.

“कुरुंदवाडचं स्थळ आलं तेव्हा तुझी कंबर धरली होती.”

“खरीच धरली होती. देवाशपथ.”

“आणि जयसिंगपूरच्या वेळी?”

आईनं ताटातली टरफलं एका बाजूला लोटली. “जयसिंगपूरच्या वेळी नव्हती,” ती म्हणाली, आणि ओंजळभर दाणे लेकीपुढं केले. “खा. सकाळपासनं काही खाल्लं नाहीस.”

सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की हे दाणे खरोखरच मायेनं पुढं केलेले होते. त्यात काडीचा बनाव नव्हता. बनाव असता तर आक्काला सोपं गेलं असतं.

---

तन्वीरचा फोन आला तेव्हा ती कारखान्यात होती. तो म्हणाला, सहीचं काय करताय? नाही दिलीत तरी तुमचा निर्णय, पण डब्याचे जेमतेम काही महिने उरलेत. मग बेडूकभांडण जगातून गेलं ते गेलं. आणि अजून एक. दिलीत तर केंद्राच्या नव्या दालनाचं उद्घाटन तुमच्या सामन्यानं करावं म्हणतोय.

“झाला की सामना. एकेचाळीस वर्षं झाली.”

“झाला नाही, आक्का. थांबला. बंद पडला त्या क्षणी चिपच्या प्रत्येक दरवाजाची काय अवस्था होती ते आमच्याकडं आहे. तिथून पुढं खेळता येईल. तुमचा बेडूक अजून हवेत आहे.”

आक्कानं माग बंद करायची खूण केली. “परत सांगा.”

“हवेत आहे. तुम्ही उडी मारली होती. तो खाली उतरलेला नाही.”

तिनं सही दिली. तिची अट एकच होती. समोर विद्याधर पाहिजे, आणि अप्पांच्या अटी तशाच पाहिजेत.

विद्याधर लहान मुलासारखा हरखला. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो, बायको हर्षदाच्या सोबतीनं, कॅलगरीत बर्फ उपसणं आणि बर्फ पडायची वाट बघणं एवढंच करत होता. “काय मज्जा, आक्का! येतोच!” स्विचबद्दल ती त्याला बोलली नाही. मनातून तिला त्याची थोडी कीवच वाटत होती. बिचारा आयुष्यभर समजत असणार की आपण जिंकलो.

उद्घाटनाला शे-दीडशे माणसं होती. पुढच्या रांगेत झीजग्रस्त मंच बसला होता आणि दुसऱ्याच्या घरातलं काही निघतंय का याची वाट बघत होता. आई पहिल्या खुर्चीत, ठेवणीतलं लुगडं नेसून. तन्वीरनं माइकवर अटी वाचल्या: जिंकेल तो पुण्याला शिकायला. हरेल तो घरी राहणार, कारखाना आणि आईला सांभाळणार. लोक खदाखदा हसले.

“मान्य?” तन्वीरनं विचारलं.

“शंभर टक्के!” विद्याधर हात उंचावून म्हणाला. आक्का नुसती “हो” म्हणाली.

दोघं केंद्राच्या नव्या यंत्राला जोडलेल्या, जुन्या धाटणीच्या जाडजूड टीव्हीसमोर बसली. खेळ अस्सल व्हावा म्हणून तन्वीरच्या लोकांनी खुर्च्यांखाली एक फळी बसवली होती. ती बाराही मागांचे ठोके हुबेहूब देणार होती. फळी सुरू झाली. आक्काला काहीच वाटलं नाही. विद्याधर मात्र खुर्चीत ताठ झाला.

“हे बंद करा हो,” तो म्हणाला. “नको हे. डोकं उठतंय. त्या दिवशी पण सगळा वेळ हेच चालू होतं.”

आक्कानं मान वळवली. “सगळा वेळ?”

“मग काय.”

“लाईट गेली होती तेव्हा पण?”

 विद्याधरच्या अंगठ्याखालचं बटण उगाचच दोनदा वाजलं.

“तुला माग ऐकू येत होते, विद्या?”

“आक्का...” त्याचा आवाज एकदम बारावीतला झाला. “मला कायम ऐकू यायचे ते. जेवताना, अभ्यासाला बसलो की, झोपेत पण. तुम्हाला कुणालाच यायचे नाहीत. म्हणून तर मला जायचं होतं. इथं वेड लागलं असतं मला.”

“म्हणजे लाईट गेली नाही हे तुला तेव्हाच कळलं.”

“कळलं.”

“आणि तू बोलला नाहीस.”

“मी सहावर होतो, आक्का.”

पुढच्या रांगेत कुणीतरी समाधानानं सुस्कारा सोडला. आई पदराच्या काठाशी चाळा करत होती. वैजूआक्काला वाटत होतं की आपण चौघंही त्या खेळात होतो. आता कळलं की तो खेळ खरा मानणारी दोघंच होती, ती आणि अप्पा. बाकीच्या दोघांना लाईट गेली नाही हे ठाऊक होतं.

तन्वीरला काय करावं ते सुचेना, म्हणून त्यानं बटण दाबलं.

पडदा उजळला. नऊ-सहा. तिचा बेडूक हवेत होता तो उतरायला लागला. विद्याधरचा बेडूक पानाच्या कडेला. आक्कानं काही विचार केला नाही. अंगठ्यानं केला. तिचा बेडूक पानावर टेकला, पुढं झेपावला, आणि समोरचा टुपकन पाण्यात गेला.

दहा.

टाळ्यांचा कडकडाट झाला. चिपचे उरलेसुरले थर एव्हाना आतल्या खोलीत खरवडून झाले होते. करडा डबा संपला होता आणि बेडूकभांडण अमर झालं होतं. विद्याधरला सुटल्यासारखं झालं. त्यानं तिला मिठीच मारली. “जिंकलीस आक्का! झालं ना? आता फिटलं सगळं. आज मिसळ माझ्याकडनं.”

आक्कानं पर्समधून कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

“सकाळी आठला पाळी सुरू होते,” ती म्हणाली. “बारा नाही, आता सोळा माग आहेत. ऐकू येतीलच तुला.”

---

२०४० साली पुण्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं इतकी ओस पडली होती, की प्रवेशासाठी वयाची अट काढून टाकून वर एक छत्री भेट देत होती. आक्कानं छत्री आधीच आणली होती.

विद्याधरला दोन दिवस वाटलं की ही थट्टा आहे. तिसऱ्या दिवशी तिनं बॅग भरली तेव्हा तो जिन्यात आडवा आला. “आक्का, माझं गुरुवारचं विमान आहे. तिकडं हर्षदा एकटी आहे.”

“तिला इकडं बोलाव. आईला बोलायला माणूस लागतं.”

“अगं, ती गंमत होती! लोक हसले नाहीत का?”

“हसले. तू शंभर टक्के म्हणालास.”

“आणि चिडायचंय तर आईवर चीड ना! स्विच तिनं ओढला.”

“तिनं मला ठेवून घ्यायला ओढला,” आक्का बॅग उचलत म्हणाली. “तू मला सोडून जायला गप्प बसलास. कुणावर जास्त चिडायचं ते पुण्यात बघते. तिथं वेळ मिळेल.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रडत नव्हती. तिनं डबा भरून ठेवला होता, तो आक्कानं घेतला नाही. आईनं तो परत ओट्यावर ठेवला आणि झाकण नीट बसलंय का ते बघितलं. आक्का काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. आई काही बोलेल म्हणून आक्काही थांबली होती. मग आक्का जिना उतरली.

खाली बिनचालकाची रिक्षा उभी होती. विद्याधरनं बॅग आत ठेवली. मग उगाच बॅगेवरची धूळ झटकली.

“स्टँड?” रिक्षानं नम्रपणे विचारलं. “निघू का?”

तेवढ्यात वरून हाक आली. “वैजू! माझी सकाळची गोळी कुठली गं? पांढरी का पिवळी?”

वैजूआक्का एक पाय आत ठेवून थांबली. पांढरी, जेवणाआधी. गेली नऊ वर्षं तीच गोळी होती. आईला पाठ होती. आईला गल्लीतल्या सगळ्यांच्या गोळ्या पाठ होत्या. पण एक्याऐंशीव्या वर्षी एखाद्या सकाळी माणूस खरंच विसरूही शकतं.

“वैजू?” दुसरी हाक जरा बारीक होती.

“आक्का, आई विचारतेय,” विद्याधर म्हणाला. “मला नाही माहीत कुठली.”

आक्का आत बसली आणि छत्री मांडीवर घेतली.

“वर जा,” ती म्हणाली. “हाक मारतेय ती.”

“तुला मारतेय.”

“कळतंय मला. तू जा.”

तो गेला नाही. ती उतरलीही नाही. रिक्षानं सौजन्यानं थोडा वेळ जाऊ दिला आणि परत विचारलं, “निघू का?”

वरून तिसरी हाक यायच्या आत वैजूआक्का म्हणाली, “निघ.”